जुनी पोलादी सायकल पुन्हा प्रवासाला: आलापल्लीत बसून किती खर्च धरावा?

आलापल्ली, नागेपल्ली, अहेरी या पट्ट्यात अजूनही बऱ्याच घरांच्या पडवीत एक काळी, उंच दांड्याची सायकल उभी असते. कुणाचे वडील त्या सायकलवरून जंगल कामगारांची हजेरी घ्यायला जात, कुणाचे आजोबा शाळेवर जात, कुणी तेंदूपत्त्याच्या हंगामात तिच्यावर पुडे वाहिले. घरात मोटरसायकल आली आणि ही मागे पडली. आता घरातल्या तरुण मुलाला किंवा निवृत्त झालेल्या वडिलांना वाटतं, ती पुन्हा चालवावी, जमलं तर हेमलकसापर्यंत, सिरोंच्यापर्यंत न्यावी. मग पहिला प्रश्न येतो, खर्च किती?

त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर इथे दिलं आहे. थोडक्यात सांगायचं तर सांगाडा सरळ असेल तर सव्वादोन ते साडेतीन हजारांच्या आसपास सायकल रोजच्या वापराची होते. पाच ते नऊ हजारांत ती सामान घेऊन लांबच्या प्रवासाला निघते. नवा रंग आणि चकचकाट धरला तर नऊ ते पंधरा हजार लागतात. यातला कुठला टप्पा तुमचा, हे पैसे काढण्याआधी ठरवायला हवं.

दर देताना चंद्रपूर-नागपूरच्या दुकानांतले साधारण पल्ले धरले आहेत. अंदाजपत्रक बांधायला ते पुरतात. पक्का भाव दुकानात विचारूनच घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्कं बिल घेताना तेवढाच लागला आहे ना, हे बघा.

सायकल कुठली आहे, ते ओळखा

आपल्याकडच्या जुन्या सायकली बहुतेक पाच-सहा कारखान्यांतल्या. मुंबईत वरळीला बनणारी हिंद, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये सुरू झालेल्या टीआय कंपनीची हर्क्युलस आणि बीएसए, सोनीपतची ॲटलस, लुधियानाच्या हिरो आणि एव्हन. एखाद्या जुन्या घरात अस्सल इंग्रजी रॅले, हंबर किंवा फिलिप्सही निघते. नाव पुढच्या नळीवरच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर असतं. क्रमांक सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलच्या नळीखाली कोरलेला असतो, घासल्यावर दिसतो.

ओळख पटवण्याचा संबंध थेट खिशाशी आहे. भारतीय सायकलींचे बरेचसे भाग एकमेकींना बसतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी ॲटलसच्या मालकाचं काही अडत नाही, कारण लुधियानाचा माल तिला चालतो. इंग्रजी रॅलेचं तसं नाही. तिच्या पायडलच्या नळीला इंचाला २६ आटे असतात, आपल्या बाजारातल्या कपांना २४. दुकानदाराने जोर लावून तो कप बसवला की नळीचे आटे कायमचे जातात. घरात रॅले असेल तर जुने कप साफ करून तेच परत वापरा.

विकत घेणार असाल तर भंगाराचा भाव आधी माहीत असू द्या. लोखंड किलोला पंचवीस-तीस रुपयांनी जातं आणि अशी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे विकणाऱ्याला भंगारवाल्याकडून पाचशे-सहाशे रुपये मिळतात. सरळ सांगाड्याच्या, चालू शकणाऱ्या भारतीय सायकलीला आठशे ते दोन हजार हा रास्त भाव. इंग्रजी सायकलीला हौशी लोक पाच-दहा हजार आणि त्याहून जास्तही देतात, पण मूळ भाग शाबूत असतील तरच. चिठ्ठीवर सायकलचा क्रमांक आणि विकणाऱ्याची सही घ्या.

सांगाडा तपासा, मगच पाकीट उघडा

बाकी सगळं बदलता येतं, सांगाडा बदलला की सायकलच दुसरी झाली. म्हणून ही तपासणी घरी, स्वतः करा. लागतो फक्त दोरा, पट्टी आणि चांगला उजेड.

मागचं चाक काढा. चाक बसतं त्या एका खाचेत दोऱ्याचं टोक बांधा, दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि मागे आणून दुसऱ्या खाचेत ताणून बांधा. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं किंवा दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर सांगाडा सरळ आहे. फरक याहून जास्त असला तरी अनुभवी मिस्त्री पोलादी सांगाडा हाताने सरळ करतो. दोनशे ते चारशे रुपये घेतो. फरक दहा मिलिमीटरच्या पुढे गेला तर सायकलला मोठा मार बसलेला असतो. ती सोडून द्या.

मग सांधे बघा. हँडलखालच्या नळीचे दोन सांधे, पायडलची नळी आणि मागच्या चाकाच्या खाचा, भेगा पडतात त्या इथेच. रंगाला केसासारखी रेघ दिसली तर तिथला रंग खरवडून खाली धातू चिरला आहे का पाहा. नळ्यांवर रुपयाचं नाणं वाजवत जा. जिथे खणखणीत आवाज बद्द होतो तिथे आतून गंज लागला आहे. या भागात पावसाळा मोठा आणि दमट, त्यामुळे पायडलच्या नळीत पाणी साचून ती आतून कुजलेली निघते. तिथे बोट घालून बघायला विसरू नका. शेवटी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, बाजूने बघा. पाय मागे दबलेले असतील तर सायकल कशावर तरी समोरून आदळलेली आहे. चिमटा नवा मिळतो, चारशे ते सातशे रुपयांत.

सांधा सुटला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या सायकलींचे सांधे पितळी झाळेने जोडलेले असतात. गेट आणि ट्रॉल्या जोडणाऱ्या दुकानातलं इलेक्ट्रिक वेल्डिंग या पातळ नळ्यांना भोकं पाडतं, आणि जोड धरला तरी त्याच्या कडेला पुन्हा तुटतो. गॅसवर पितळी झाळ देणारा कारागीर चंद्रपूर-बल्लारपूरकडे शोधा. एका सांध्याला दोनशे ते चारशे रुपये लागतात.

पहिला टप्पा: रस्त्यावर आणणं

फिरणारे आणि थांबवणारे भाग आधी. यादी अशी:

- टायर दोन: ६०० ते ९००
- ट्यूब दोन: २४० ते ३६०
- चेन: १५० ते २५०
- फ्रीव्हील: १२० ते २००
- पायडलचा एक्सल, कप, छर्रे: १५० ते २५०
- कॉटर पिनांची जोडी: ३० ते ६०
- दोन्ही हबचे एक्सल, कोन, छर्रे: १५० ते २५०
- ब्रेकचे चार रबर आणि बारीक पिना: ६० ते १२०
- पायडल जोडी: १५० ते ३००
- ग्रीस, तेल, रॉकेल: १०० ते १५०
- ओव्हरहॉलिंगची मजुरी: ५०० ते ८००

बेरीज २,२५० ते ३,६४० रुपये.

छर्रे बदलताना कंजुषी नको. जुने छर्रे वरून चकचकीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक खड्डे पडलेले असतात आणि ते नवा कोनही खातात. मागच्या हबमध्ये आणि पायडलच्या नळीत पाव इंची छर्रे असतात, पुढच्या हबमध्ये त्याहून बारीक, दीड सुताचे (३/१६ इंची). तरी नमुना म्हणून जुना छर्रा, जुना कोन आणि जुनी कॉटर पिन सोबत नेलेली बरी.

कॉटर पिन हा या सायकलींचा सर्वांत नाजूक भाग, आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणाराही. क्रँक एक्सलवर घट्ट धरून ठेवते ती हीच बोटभर पाचर. ती काढताना मिस्त्री थेट हातोडा मारतो, पिन वाकते, आणि तो दणका आत छर्ऱ्यांना बसून कपात खड्डे पडतात. बरोबर पद्धत अशी: नट पूर्ण न काढता पिनेच्या टोकाबरोबर आणायचा, क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत पोचणारी जाड लोखंडी नळी टेकवायची, म्हणजे दणका एक्सलऐवजी जमिनीत जातो, आणि मग एकच भरदार ठोका द्यायचा. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं असेल तर एका ठोक्यात पिन सुटते. नव्या पिना बसवताना दोन्हींच्या सपाट बाजू एकमेकींच्या उलट दिशेला आल्या पाहिजेत. दोन्ही एकाच दिशेला बसल्या की पायडल एका रेषेत येत नाहीत आणि गुडघा दुखायला लागतो. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळायचा. हे केलं नाही तर पिन ढिली होते, दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज येतो, आणि महिन्याभरात क्रँकचं भोकच लांबट होतं.

टायरचा आकडा: चूक होते ती इथे

चंद्रपूरहून टायर आणला आणि तो चाकाला बसलाच नाही, ही तक्रार नेहमीची आहे. कारण 'सव्वीसचा टायर' म्हटलं की दुकानदार निदान दोन वेगळे टायर देऊ शकतो. टायरच्या कडेवर तीन अंकी आकडा छापलेला असतो. तो चाकाच्या बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. तेवढा वाचला की फसगत टळते.

- काळी दांड्याची सायकल, २८ गुणिले दीड इंच: ६३५
- लेडीज आणि हलकी 'एसएलआर' पद्धतीची सायकल, २६ गुणिले १ ३/८: ५९०
- जाड टायरची रेंजर पद्धतीची सायकल, तीही सव्वीसच: ५५९
- आधुनिक प्रवासी आणि शर्यतीच्या सायकली, ७०० सी: ६२२

६३५ चा टायर गावोगाव मिळतो. ५९० चा तालुक्याला मिळतो. ६२२ साठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागतं. पुढे फेरबदलाचा विचार करताना हा क्रम डोक्यात असू द्या.

दुसरा टप्पा: चाकं आणि रूप

पहिल्या टप्प्यानंतर सायकल महिनाभर चालवा. रिमला आऊट असेल, आरे तुटत असतील, तर चाकं नव्याने बांधा. या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० असे ७२ आरे असतात. मागच्या चाकावर भार जास्त म्हणून तिकडे आठ आरे अधिक. सामान लादून जाणाऱ्यासाठी हे मागचं ४० आऱ्यांचं चाक मोलाचं आहे. नव्या फॅन्सी चाकांपेक्षा ते जास्त भार सोसतं.

- रिम दोन: ५०० ते ९००
- आरे आणि निपल: २५० ते ४००
- दोन चाकं बांधून आऊट काढण्याची मजुरी: ३०० ते ५००
- सीट: ३०० ते ५००
- मडगार्ड जोडी: ३०० ते ५००
- चेनकव्हर: २०० ते ३५०
- हँडल आणि ब्रेक रॉड, नवे किंवा नव्याने मुलामा दिलेले: ४०० ते ७००
- सांगाडा आणि चिमट्याला पावडर कोटिंग: १,५०० ते २,५००

बेरीज ३,७५० ते ६,३५० रुपये. यात रंगाचाच वाटा सर्वांत मोठा.

म्हणून रंगाबद्दल स्पष्ट सांगतो. मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल, मडगार्डवरची सोनेरी रेघ आणि नळीवरचं नाव दिसत असेल, तर सायकल रंगवू नका. सोनेरी रेघ हाताने ओढलेली असते. पुसली की पुन्हा तशी येत नाही. हौशी गिऱ्हाइकाच्या लेखी मूळ रंगाच्या सायकलीची किंमत नव्याने रंगवलेल्या सायकलीपेक्षा जास्त. साबणपाण्याने धुऊन, गाडीच्या पॉलिशने पुसून, वर मेणाचा हात दिला की दोनशे रुपयांत ती देखणी होते. चकचकीत भागांवरचा तांबूस गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाने घासला तर निघतो आणि खालच्या मुलाम्याला ओरखडा पडत नाही. जुन्या नगरपालिकेचा परवान्याचा पितळी बिल्ला लावलेला असेल तर तो काढू नका.

रंग पार गेला असेल तर पावडर कोटिंग करा. ब्रशने मारलेल्या ऑइलपेंटपेक्षा ते पावसाला कितीतरी वर्षं जास्त टिकतं. भट्टीचं तापमान दोनशे अंशांच्या घरात असतं, त्याने पितळी झाळेला धक्का लागत नाही. मात्र सांगाडा देण्याआधी सगळे कप काढून द्या, आणि आट्यांवर पट्टी चिकटवायला बजावून सांगा. आट्यांवर पावडर बसली तर पुढे कप बसवताना तेच आटे कापले जातात.

रूप मूळचं हवं असेल तर डोळ्यांसमोर नमुना हवा. पुण्यात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे; पुण्याला जाणं झालं तर बघून या. कुठल्या काळात कुठला दिवा, कुठली घंटी, कुठलं चेनकव्हर, हे तिथे एका फेरीत कळतं.

तिसरा टप्पा: लांबच्या प्रवासासाठी फेरबदल

या सायकली प्रवासाला कमी पडतात, असं वाटत असेल तर जुना दाखला आहे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे मुंबईचे तरुण १९२३ मध्ये पोलादी सायकलींवर निघाले आणि जगाला वळसा घालून १९२८ मध्ये परत आले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा काढली, तेव्हा त्यांच्याबरोबरचे तरुण-तरुणी सायकलींवर होते. आज आपण पडवीतून बाहेर काढतो आहोत ती सायकल याच जातीची.

प्रवासासाठी लागणारी भर अशी:

- २० किंवा २२ दाती फ्रीव्हील: १५० ते २५०
- जाड सळईचं भक्कम कॅरियर: ३०० ते ६००
- दुहेरी स्टँड: २५० ते ४००
- चार्जिंगचा पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा: ५०० ते १,२००
- आरसा, रिफ्लेक्टर, घंटी: २०० ते ३५०
- कॅनव्हासच्या दोन झोळ्या, शिवून: ८०० ते १,५००
- पंप, पाने, पंक्चरचं सामान: ६०० ते १,०००
- पाण्याच्या बाटलीचे दोन स्टँड: १५० ते ३००

बेरीज २,९५० ते ५,६०० रुपये.

यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल फ्रीव्हीलचा. मूळ सायकलला पुढे साधारण ४४ दाती चेनव्हील आणि मागे १८ दाती फ्रीव्हील असतं. एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते. मागे २२ दाती लावलं की ती साडेचार मीटर जाते, म्हणजे चढ आणि ओझं दोन्ही हलकं वाटतं. सपाटीवर वेग थोडा कमी होतो, पण वीस किलो सामान घेऊन जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. चेनला एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात, एवढंच. अडीचशे रुपयांत निम्मं गिअरचं काम होतं.

खरे गिअर लावायचे तर हिशेब बदलतो. सहा-सात पात्यांचं फ्रीव्हील जुन्या हबच्या आट्यांवर बसतं, पण त्याला जागा जास्त लागते. म्हणून एक्सल लांब घ्यायचा, मागच्या खाचा थोड्या फाकवायच्या, चाक पुन्हा मधोमध आणायचं, चेन बारीक घालायची आणि डिरेलर अडकवायला वेगळा पंजा लावायचा. सगळं मिळून साडेतीन ते सहा हजार. चेनकव्हर काढावं लागतं, म्हणजे पावसातला चिखल थेट चेनवर. आणि डिरेलरचा पंजा वाकला तर आलापल्लीच्या पुढे तो सरळ करून देणारा मिळणं कठीण. हबच्या आत बसणारे स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर या सायकलीला शोभतात आणि चिखलातही चालतात, पण नवा हब बाहेरून मागवताना त्याची किंमत सायकलच्या उरलेल्या सगळ्या खर्चाच्या पुढे जाते.

ब्रेकबद्दल हयगय नको. रॉडचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूवर दाबतात, आणि ओल्या पोलादी रिमवर रबर घसरतं. पावसात सायकल कोरड्या रस्त्यापेक्षा बऱ्याच पुढे जाऊन थांबते. रॉडच्या सगळ्या पिना नव्या घाला, रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा, आणि उताराला वेग आधीच कमी करा. चांगले ब्रेक मिळावेत म्हणून ६२२ ची ॲल्युमिनियम रिम घालण्याचा सल्ला शहरात मिळेल. चाकाची त्रिज्या साडेसहा मिलिमीटरनी घटते, म्हणून लांब पोचणारे ब्रेक शोधावे लागतात, आणि टायर गावात मिळत नाही. फक्त शहरात चालवणाऱ्याने हा बदल करावा, जंगलात जाणाऱ्याने नाही.

झोळ्या विकतच्या घेतल्या तर जोडीला अडीच ते सहा हजार. आलापल्ली-अहेरीत सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडून जाड कॅनव्हासच्या शिवून घेतल्या तर तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. मापं देताना टाच झोळीला लागणार नाही एवढी जागा मागे सोडा, आणि आत प्लायची फळी घाला, म्हणजे झोळी आऱ्यांत जात नाही.

फेरबदलाचा नियम एकच ठेवा: भामरागडच्या रस्त्यावर, साध्या मिस्त्रीच्या हातून जे दुरुस्त होणार नाही, ते या सायकलला लावू नका.

एकूण हिशेब

- फक्त रोजच्या वापरासाठी, पहिला टप्पा: २,२५० ते ३,६४०
- प्रवासासाठी, मूळ रंग राखून, पहिला आणि तिसरा टप्पा: ५,२०० ते ९,२४०
- सगळं नव्यासारखं, तिन्ही टप्पे: ८,९५० ते १५,५९०

तुलनेला, नवी काळी सायकल सहा ते नऊ हजारांत येते आणि परदेशी बनावटीची पोलादी प्रवासी सायकल लाखाच्या घरात जाते. म्हणजे तिन्ही टप्पे एकदम करणं पैशाच्या हिशेबात परवडत नाही. ते आजोबांच्या सायकलीसाठी करावं, भंगारातून आणलेल्या सायकलीसाठी नाही. मधला पर्याय मात्र खरोखर पैसे वसूल करणारा आहे.

काम कुठे आणि कसं द्यावं

पंक्चर, ओव्हरहॉलिंग, आऊट काढणं, चाक बांधणं, ब्रेक जुळवणं ही कामं आलापल्ली-अहेरीतच करा. इथल्या जुन्या मिस्त्रींचे हात याच सायकलींवर बसलेले आहेत. मराठी, तेलुगू, माडिया बोलणारी तीन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं त्यांनी सांभाळली आहेत, आणि ही विद्या पुढच्या पोरांनी शिकायची तर त्यांच्याकडे काम जायला हवं. रंग, मुलामा आणि पितळी झाळ यांसाठी चंद्रपूर-बल्लारपूर. ते शंभराहून जास्त किलोमीटर आहे. एक फेरी म्हणजे भाडं आणि बुडालेला दिवस. म्हणून सायकल पूर्ण खोलून झाल्यावरच खरेदीला निघा. खोलण्याआधी केलेली यादी अर्धीच असते आणि दुसरी फेरी पडते. एसटीने सांगाडा न्यायचा असेल तर अहेरी आगारात सामानाच्या तिकिटाची आधी चौकशी करा. सगळ्या गाड्यांच्या टपावर सामान ठेवायची सोय नसते.

मिस्त्रीशी बोलताना पाच गोष्टी आधी ठरवा. मजुरी कामागणिक की ठोक. सामान कोण आणणार. जुने काढलेले भाग परत द्यायचे. मूळ घंटी, डायनॅमो, चेनकव्हर भंगारात जाऊ द्यायचं नाही. आणि काम कधी द्यायचं. दिवाळीनंतर दिलंत तर मिस्त्रीला वेळ असतो. जूनमध्ये शाळेच्या मुलामुलींच्या सायकलींची रांग लागते, तेव्हा तुमची हौस थांबवावी.

आगाऊ रक्कम सामानापुरतीच द्या. मजुरी सायकल चालवून बघितल्यावर. चालवून बघताना हँडल सोडून सायकल सरळ जाते का, पायडल उलटं फिरवल्यावर खरखर होते का, आणि चाक उचलून फिरवल्यावर रिम ब्रेकच्या रबराला घासते का, हे तीनच बघा.

निघण्याआधी

पहिले शंभरेक किलोमीटर घराजवळच घाला, अहेरी, नागेपल्ली, वनवैभवाचं जंगल एवढ्यातच. या काळात नवे आरे बसतात, चेन ताणते, कॉटर ढिल्या होतात. मग एकदा मिस्त्रीकडे नेऊन सगळं आवळून घ्या; शंभर-दीडशे रुपये लागतात.

झोळीत एक ट्यूब, वाल रबर, दोन कॉटर पिना, मागच्या चाकाचे सहा आरे, चेनची एक कडी आणि थोडे छर्रे एवढं असू द्या. तीनशे रुपयांचं हे सामान हेमलकशाच्या साठेक किलोमीटरच्या वाटेवर तुमचा दिवस वाचवतं. आष्टीकडच्या रस्त्यावर खनिजाचे अवजड ट्रक सतत असतात. तिकडे आरसा आणि लाल दिव्याशिवाय जाऊ नका. जंगलाच्या रस्त्यांवर वाघाचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावर निघा आणि मावळण्याआधी मुक्काम गाठा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. जुलै ते सप्टेंबर लांबचा बेत आखू नका.

प्रवासाहून आल्यावर सायकल धुवा, कोरडी करा, चेनला तेल द्या आणि सीटची नळी काढून तिला ग्रीस लावा. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, पायडलची नळी खोला. वर्षाची ही देखभाल तीन-चारशे रुपयांत होते, आणि ती केली तर पुढची वीस वर्षं सांगाड्याला हात लावावा लागत नाही.

निष्कर्ष एवढाच: सांगाडा सरळ असेल तर सायकल भंगारात देऊ नका. पहिला पैसा छर्रे, टायर आणि ब्रेकवर, दुसरा कॅरियर आणि दिव्यांवर, शेवटचा रंगावर. आणि काम आपल्या गावच्या मिस्त्रीलाच द्या. तो टिकला तरच ही सायकल टिकेल.